एकशे त्रेचाळीसांतलं एक

वॉशिंग मशिनच्या पोटात काहीतरी खणकन वाजलं.

घर अगदी गप्प होतं. माझी लेक फीबी सोफ्यावर झोपली होती. नवरा, वेस, लाकडाच्या वखारीत कामाला गेला होता. नोव्हेंबरात आमच्याकडे पानं गळून गेलेली असतात आणि बर्फ अजून यायचा असतो. त्या काड्याकाड्यांच्या दिवसांत बाहेर वाजायलाही काही उरत नाही. बक्कल असणार. फीबीच्या गाडीतल्या सीटचं कव्हर धुवायला टाकलं होतं, त्याचं बक्कल काढायचं राहिलं होतं. मशिन थांबवायला हवं होतं. मी हलले नाही. माझ्या हातात पाकीट होतं.

सकाळी गाडीत फीबीला उलटी झाली, म्हणून कव्हर सोलून काढलं. गादीखालून निघाली तीन खारी बिस्किटं, ओकच्या झाडाची दोन बोंडं, एक जांभळा खडू, आणि हे. चिकटवून बंद केलेलं. कोपऱ्यावर गावाच्या कचेरीचा शिक्का. मागच्या बाजूला सही: आर्लीन थिबोडो. अक्षरं जिना उतरल्यासारखी खाली खाली गेलेली.

आत तिचं मत होतं. मतदान मंगळवारी संध्याकाळी सातला संपलं होतं. आज गुरुवार.

"फीबी." मी तिला हलवून उठवलं. तापातून उठलेल्या, उलटी करून दमून झोपलेल्या पोरीला उठवलं. "हे तू ठेवलंस तिथं?"

तिनं डोळे चोळले, पाकिटाकडे पाहिलं. "तूच म्हणालीस ना, महत्त्वाचं आहे, जपून धर."

"मग?"

"मग मी जपून ठेवलं."

माझा आवाज किती कडक होता ते तिच्या चेहऱ्यावरून मला कळलं. क्षणभर, अगदी क्षणभर, मला हवं होतं की हा दोष तिचा असावा. चार वर्षांच्या पोरीचा. मी तिला जवळ घेतलं आणि तिच्या केसांत तोंड लपवलं. तिला वाटलं, मी लाड करतेय.

आमच्या वेस्ट हार्लोत पाच जस्टिस निवडून देतात. नाव भारदस्त, पण काम म्हणजे लग्नं लावायची, मतं मोजायची, आणि ज्यांना मतदानाला येववत नाही अशा आजाऱ्यांच्या घरी मतपत्रिका घेऊन जायची. जायचं जोडीनं, आणि जोडीतले दोघं दोन पक्षांचे हवेत, म्हणजे एकावर दुसऱ्याचा डोळा राहतो. मी डेमोक्रॅट. फीबी झाल्यावर दोन वर्षांनी उभी राहिले, कारण दुसरं कुणी तयार नव्हतं, आणि खरं सांगायचं तर कुणाची तरी आई यापलीकडे माझं नाव कुठंतरी छापलेलं मला बघायचं होतं. माझा जोडीदार मर्ल हॅस्किन्स. बहात्तर वर्षांचा, चाळीस गाईंचा धनी, पक्का रिपब्लिकन.

मतदानाच्या आधीच्या शनिवारी आम्ही दोघं मिसेस टींकडे गेलो होतो. आर्लीन थिबोडो हे नाव फक्त यादीत. गावाला त्या मिसेस टी. तेहतीस वर्षं वरच्या रस्त्यावरची शाळेची पिवळी बस त्यांनी चालवली. मी त्याच बसमधून शाळेत गेले, माझा भाऊ गेला, वेसही गेला. त्यांच्याबद्दल गावात एकही किस्सा नाही. तेहतीस वर्षं बस वेळेवर आली, याचा किस्सा होत नाही. नवरा लिऑन वारून बारा वर्षं झाली, मूलबाळ नाही, आणि आता हृदय थकलेलं. पलंग खाली स्वयंपाकघरात आणला होता, खिडकीशी, रस्ता दिसेल असा. ऑक्सिजनचं यंत्र कोपऱ्यात घुमत होतं.

"मर्ल, बूट दारात काढ. गोठा घेऊन येऊ नकोस घरात," त्या पलंगावरून म्हणाल्या. "आणि ही कोण? कोरीन, तुझी? बघ, सेम तू. नाकात बोट."

फीबीनं बोट काढलं. तिला ठेवायला कुणी नव्हतं म्हणून मी तिला बरोबर आणलं होतं.

मी मतपत्रिका त्यांच्या मांडीवर एका ट्रेवर ठेवली, पेन दिलं. त्यांनी चष्मा लावून ती वरपासून खालपर्यंत वाचली, आणि तळाशी थांबल्या. "हे काय? खाली तुम्हा दोघांचीही नावं? आणि दोघंच माझ्या उशाशी उभे? अरे मग काही खायला तरी आणायचं."

"डोनट आणलेत," मर्ल म्हणाला. "मतदानानंतर. आधी दिले तर लाच होते."

"पाठ फिरवा."

आम्ही दोघं भिंतीकडे तोंड करून उभे राहिलो. भिंतीवर दर वर्षीचा एक फोटो: बस, बसपुढे पोरं, कडेला मिसेस टी. प्रत्येकात त्यांचा कोट तोच. पेनचा आवाज थोडा वेळ आला आणि थांबला.

"झालं."

"एवढ्यात?" मर्ल भिंतीशीच बोलला. "आर्लीन, अजून पंधरावीस नावं आहेत. मागच्या बाजूलाही आहेत."

"बाकीच्यांना मी ओळखत नाही."

"गव्हर्नरला ओळखत नाहीस?"

"तो कधी बसलाय माझ्या बसमध्ये?"

त्या मतपत्रिकेवर त्यांच्या बसमध्ये बसलेली एकच बाई होती. लिनेट ड्युकेट, आमच्याच वरच्या रस्त्याची, रिपब्लिकन, नायब गव्हर्नरच्या जागेसाठी उभी. तशी मीही बसले होते, म्हणून मी म्हटलं, "मी पण तुमच्याच बसमधली आहे, मिसेस टी."

"तू येशील निवडून. पाच जागा, पाच उमेदवार."

मर्ल खो खो हसला.

"पण मला एक सांग," त्या म्हणाल्या, "हा नायब गव्हर्नर करतो काय नेमकं?"

"सेनेटमध्ये उंच खुर्चीत बसतो आणि लाकडी हातोडा आपटतो," मर्ल म्हणाला. "आणि गव्हर्नर बाहेरगावी गेला, आजारी पडला, की त्याचं काम बघतो."

"म्हणजे बदली ड्रायव्हर." त्यांनी पाकीट जिभेनं ओलं केलं, दोनदा थांबून. "मग तर नीट माणूस पाहिजे. नेहमीच्या ड्रायव्हरला निदान रस्ता पाठ असतो."

सही करायला त्यांना बराच वेळ लागला. सही झाल्यावर त्यांनी पाकीट मर्लपुढे धरलं. मर्लनं दोन्ही हात मागे घेतले. "माझ्याकडे नको. लिनेटच्या प्रचाराचा बोर्ड माझ्या अंगणात उभा आहे, गोठ्याच्या दाराएवढा. उद्या कुणी म्हणायला नको. कोरीन, तू ने."

आमच्याकडची ही जुनी रीत. ज्याचा फायदा, त्यानं हात लावायचा नाही. कुठं लिहिलेली नाही, पण मर्लच्या बापानंही ती पाळली असणार. मी पाकीट घेतलं. कचेरी शनिवारी बंद होती. सोमवारी नेऊन देते म्हटलं, नाहीतर मंगळवारी मतदानाला येताना घेऊनच येते.

मर्ल त्याच्या गाडीनं गेला. आमच्या गाडीत बसल्या बसल्या फीबीनं गळा काढला. तिला ते काळं पेन हवं होतं. मी पेन मिसेस टींकडेच विसरले होते. अरुंद उताराचा रस्ता, समोरून लाकडाचा ट्रक, मागे किंकाळ्या. मी पाकीट मागे दिलं. "हे धर. हे पेनापेक्षा महत्त्वाचं आहे. खूप महत्त्वाचं. जपून धर हं." ती गप्प झाली. तीन मैल मला शांतता मिळाली.

सोमवारी तिला ताप भरला. मंगळवारी सासूबाई आल्या, मी वेसचा ट्रक घेऊन पहाटेच सभागृहावर गेले आणि सात ते सात टेबलाशी बसून नावांवर रेघा मारल्या. थिबोडो, आर्लीन: पुढे आधीच खूण होती, मतपत्रिका घरपोच. त्या नावावरून माझा हात गेला आणि पुढच्या नावावर आला. मग आम्ही मतं मोजली. मर्ल माझ्यासमोरच बसला होता. त्याला वाटलं, मी पाकीट दिलंय. मला तर ते आठवलंच नाही.

लिनेट ड्युकेट हरली. राज्यभरात बऱ्याच मतांनी, आणि आमच्या गावातही. गावात तिला एकशे त्रेचाळीस मतं पडली. मी तिला दिलं नव्हतं.

गुरुवारी दुपारी ते पाकीट हातात घेऊन मी स्टोव्हपाशी गेले. लाकूड घालायला, असं मनाशी म्हणत. दार उघडलं, एक ओंडका आत सारला. दार मी लगेच लावलं नाही. निखारे बघत उभी राहिले. एक मत. कुणाला कळणार होतं? मतांचा फरक हजारांत होता. मिसेस टी समाधानानं जातील, लिनेट हरलेलीच राहील, आणि वेस्ट हार्लोतली डेमोक्रॅट जस्टिस बाई रिपब्लिकन मत गाडीत लपवून बसली, असं किराणा दुकानातल्या कॉफीच्या टेबलावर कुणी म्हणणार नाही. चेहरा तापून दुखायला लागला तेव्हा मी दार लावलं. पाकीट हातातच होतं. पण किती वेळ उभी होते, ते कुणी विचारलं तर मला सांगता येणार नाही, आणि तेवढ्यासाठीच मला माझी लाज वाटते.

फीबीला कोट घालून मी मर्लच्या गोठ्यावर गेले. तो दूध काढायच्या तयारीत होता. मी पाकीट पुढे धरलं. त्यानं सही वाचली. एका गाईच्या पाठीवर हात ठेवून उभा राहिला.

"कुठं होतं?"

मी सांगितलं. बिस्किटांसकट सगळं.

"किती जणांना माहीत आहे?"

"तुम्ही. मी. आणि फीबी."

"फीबी कुठल्या पक्षाची?"

मला हसू आलं नाही. त्यालाही आलं नव्हतं. सवयीनं बोलून गेला होता.

"मर्ल, माझीच चूक आहे. कचेरीत बर्निसला मी एकटी जाऊन सांगते."

"जोडी म्हणजे दोघं." त्यानं हात फडक्याला पुसले, परत पुसले. "मी हात मागे घेतले ना त्या दिवशी, का माहितीय? स्वच्छ राहावेत म्हणून. राहिले. बघ किती स्वच्छ आहेत." आणि गोठ्यातल्या पोऱ्याला न बोलावता, गाई तशाच हंबरत ठेवून तो माझ्या गाडीत येऊन बसला. मर्ल हॅस्किन्सनं दूध काढायची वेळ चुकवल्याचं मी आयुष्यात पाहिलं नव्हतं.

बर्निस आमची गावची कारकून. सव्वीस वर्षं त्याच खुर्चीत. तिनं पाकीट उलटसुलट पाहिलं, चष्मा नाकावर घेतला, एका वहीत लिहिलं, मग पाकिटावर लाल पेनानं: उशिरा पोचलं, मोजलं नाही.

"कारण?" तिनं विचारलं.

"लिही, कोरीन विसरली."

"आम्ही विसरलो लिही," मर्ल म्हणाला.

"रकाना एवढासा आहे, मर्ल." तिनं फक्त 'उशीर' लिहिलं. पाकीट न उघडता पिशवीत गेलं. मला वाटलं होतं ती ओरडेल. ती ओरडली असती तर बरं झालं असतं. "आता तिला पत्र जाणार. मत का मोजलं नाही ते कळवावं लागतं, नियम आहे. सोमवारच्या टपालानं जाईल, मंगळवारी तिच्या हातात." तिनं चष्मा काढला. "कोरीन, त्याआधी तू जाऊन सांग. असलं पत्रातून कळू नये माणसाला."

"हो."

"मी येतो बरोबर," मर्ल म्हणाला.

"नको. मला सांगू दे."

हे मी म्हणाले. मोठ्या तोऱ्यात.

शुक्रवारी फीबीला परत थोडा ताप होता, ते कारण पुरलं. शनिवारी कारण उरलं नाही. मी कोंबडीचा स्ट्यू केला, कारण रिकाम्या हातानं जाऊन असं काही सांगायचं मला जमलं नसतं, आणि फीबीला घेऊन निघाले. पायऱ्यांवर घरी येणारी नर्स भेटली, निघायच्या घाईत. हळूच म्हणाली, "आठवडा. कदाचित तेवढाही नाही. पण मूड छान आहे आज."

खरंच छान होता. केस विंचरलेले होते. चेहरा मात्र आठ दिवसांत मेणासारखा झाला होता आणि ओठांच्या कडा निळ्या. फीबी खडू घेऊन यंत्राशेजारी जमिनीवर पसरली. त्या यंत्राची घुमघुम तिला आवडली असावी, ती त्याच सुरात गुणगुणायला लागली.

"एकशे त्रेचाळीस," मिसेस टी म्हणाल्या. मी अजून खुर्चीतही टेकले नव्हते. "नर्सकडून कचेरीत फोन करवला मी बुधवारी. हरली पोरगी. पण आपल्या गावात एकशे त्रेचाळीस. कमी नाहीत."

"नाही. कमी नाहीत."

"त्यातलं एक माझं."

मी स्ट्यूचं भांडं धरून उभी होते. ते गरम होतं, हात भाजत होते. मी ते ओट्यावर ठेवलं. "मिसेस टी, मला तुम्हाला एक सांगायचंय."

"थांब. आधी मी. माझा दम पुरेल तोवर." त्यांनी नळी नाकाशी नीट केली. "मर्लसमोर बोलता आलं नाही. हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. लिऑनलाही नाही."

मग त्यांनी सांगितलं. तुकड्यातुकड्यानं, दर दोन वाक्यांनी थांबून.

लिनेट तेव्हा सहा वर्षांची होती. जानेवारी. शेवटची पोरं उतरली, मिसेस टींनी बस नेहमीसारखी आपल्या अंगणात आणून लावली, कारण तेव्हा बस ड्रायव्हरच्या घरीच असायची. मागच्या सीटपर्यंत चालत जाऊन बघायचं, हे तेव्हाही होतं. त्या दिवशी त्या गेल्या नाहीत. पाय गारठले होते. घरात आल्या, स्टोव्ह पेटवला, रेडिओ लावला, बटाटे सोलले. सव्वा तासानं इंजिनाचा हीटर लावायला बाहेर गेल्या, तर बसच्या मागच्या काचेवर साचलेल्या हिमात एक हाताचा ठसा. एवढासा. त्यांनी स्वतःचा पंजा उचलून अर्ध्या बोटांपर्यंत दाखवला.

"झोपली होती सीटवर, कोट अंगावर घेऊन. जागी झाली तर अंधार, आणि दार तिच्यानं उघडेना. चड्डी ओली झालेली. रडून रडून आवाज गेलेला. अंगणातच होती गं. तीस पावलांवर. आणि मी आत रेडिओ ऐकत होते."

"तुम्ही मुद्दाम—"

"ऐक. ते नाही सांगत मी. विसरणं होतं माणसाच्या हातून." त्या थांबल्या, श्वास गोळा केला. "मी तिला कोरडे कपडे दिले, दूध पाजलं, घरी नेलं. तिची आई दारात उभी, वेडीपिशी झालेली. आणि मी म्हणाले, बस बंद पडली होती. पटकन आलं तोंडातून. नोकरी गेली असती. आईनं पोरीकडे पाहिलं. आणि ती पोर, सहा वर्षांची, माझ्याकडे एकदा बघून म्हणाली, हो, बस बंद पडली. बाई ढकलत होत्या."

यंत्र घुमत राहिलं.

"ढकलत होत्या. ते मी नव्हतं सांगितलं. ते तिनं स्वतःचं घातलं, माझं खोटं पक्कं व्हावं म्हणून. मग बारावीपर्यंत माझ्या बसमध्ये बसली. कधी एक शब्द नाही. रोज उतरताना, थँक यू मिसेस टी. रोज मला वाटायचं, आज विचारेल."

"अजूनही तुम्ही तिला कधी...?"

"काय सांगणार? तिच्या लग्नात सांगू? आणि मग ती उभी राहिली आणि तुम्ही दोघं तो कागद घेऊन दारात आलात. मला वाटलं, सगळ्यांसमोर नाही जमलं, पण एकदा तरी तिच्या बाजूनं माझी खूण असू दे. तिला कळायला नको. मला माहीत असलं की झालं." त्यांनी डोळे मिटले, हसल्या. "माझी खूण त्या एकशे त्रेचाळिसांत आहे. कुठली ते कुणाला ओळखू येणार नाही, पण आहे. आता झोप लागते मला. खरंच लागते. नर्सला विचार."

खिडकीबाहेर एक गाडी गेली. मिसेस टींनी डोळे न उघडताच सांगितलं, "वॉल्टरची. आवाज ऐक, इंजिनाचा पट्टा बदलायला झालाय." मग डोळे उघडले. "हं. तू काय सांगणार होतीस?"

माझ्या तोंडात वाक्य तयार होतं. कालपासून तयार होतं, आंघोळ करताना म्हणून पाहिलं होतं. मिसेस टी, तुमचं मत माझ्याकडून राहिलं. सात शब्दसुद्धा नाहीत.

"स्ट्यू मंद आचेवर गरम करा," मी म्हणाले. "नाहीतर बुडाशी लागतो."

त्या माझ्याकडे बघत राहिल्या. बसमधल्या मोठ्या आरशातून मागच्या सीटवर नजर ठेवायच्या ना, तसं. कधी ओरडायच्या नाहीत, नुसतं बघायच्या, आणि ज्यानं केलं असेल त्याचे कान तापायचे. माझे तापले. "बरं," त्या म्हणाल्या. "सांगते नर्सला."

मी फीबीचे खडू गोळा केले. तिनं काढलेलं चित्र त्यांना द्यायला लावलं. पिवळा मोठा चौकोन होता, त्याला खूप खिडक्या. मिसेस टींनी ते उशीशी ठेवलं आणि पाय खाली सोडले.

"उठू नका. प्लीज."

"दारापर्यंत येते. नळी पुरते तिथवर. पोरं उतरली की दार लागेपर्यंत बघायचं असतं."

एका हातानं भिंत, दुसऱ्या हातानं माझा दंड धरून त्या आल्या. त्यांचं वजन मला जाणवलंच नाही. पोर्चमध्ये आल्या, स्वेटर गळ्याशी धरून खांबाला टेकल्या. घरातून त्यांच्यामागे नळीची हिरवी रेघ आली होती, आणि थंडीत त्यांचा श्वास बारीक बारीक दिसत होता. मी फीबीला सीटवर बसवलं, पुढे येऊन बसले, किल्ली लावली. फिरवली नाही.

आज शनिवार. पत्र सोमवारी निघणार, मंगळवारी पोचणार. नर्स म्हणाली, आठवडा, कदाचित तेवढाही नाही. स्टिअरिंगवर माझी बोटं एकेक करून उचलली जात होती, आणि ती काय करताहेत ते मला उशिरा कळलं. रविवार. सोमवार. मंगळवार. मी मोजत होते, त्या बाईला मंगळवारच्या आत मरण येईल का.

मी बोटं मुठीत घेतली. काचेपलीकडे मिसेस टी उभ्याच होत्या. गाडी हलल्याशिवाय त्या आत जाणार नव्हत्या. त्यांनी हात वर केला, तळवा माझ्याकडे करून. मग, रस्ता मोकळा आहे, जा, असा तो हळूच बाजूला नेला. मला दार उघडून परत जायला वीस पावलं लागली असती. वीससुद्धा नाहीत.

"आई," मागून फीबी म्हणाली.

"काय गं."

"ती मुलगी जागी झाली ना बसमध्ये. काळोखात." ती विचार करत होती, विचार करताना ती टाचा सीटवर आपटते. "मग तिनं हाक कुणाला मारली?"